छोट्या श्वानांचे डोळे : दोन आंघोळींमधली निगा

प्रतिनिधी, बदलापूर

दोन खोल्यांच्या सदनिकेत सहज सामावणारा सोबती म्हणून पामेरियन, पग, शित्झू, ल्हासा अप्सो अशा लहान चणीच्या श्वानांकडे शहरी कुटुंबांचा ओढा असतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरेही त्याला अपवाद नाहीत. अशा श्वानांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या दोन्ही बाजूंनी उतरणारे तांबूस-तपकिरी ओघळ हे घरोघरचे परिचित दृश्य. कुणी ते केवळ मळ समजून आंघोळींची संख्या वाढवतात, कुणी घरगुती उपाय करून पाहतात, तर कुणी 'या जातीचे असेच असते' म्हणून सोडून देतात. यातील पहिल्या मार्गाने त्वचा कोरडी पडते, दुसऱ्याने डोळ्याला इजा होऊ शकते आणि तिसऱ्याने एखादा खरा विकार नजरेआड राहतो. ओघळाचा डाग स्वतः निरुपद्रवी असतो. मात्र त्याच डागाआड बुबुळावरील जखम दडलेली असेल आणि ती चिघळली, तर एक-दोन दिवसांतही डोळा गमावण्याची वेळ येते. म्हणूनच रोजच्या दोन-तीन मिनिटांच्या स्वच्छतेला केवळ देखणेपणापुरते महत्त्व नाही. त्या निमित्ताने डोळ्याची रोज तपासणी होते, हा तिचा मोठा लाभ आहे.

ओघळ का येतात?

श्वानाच्या डोळ्यात अश्रू निर्माण करणाऱ्या दोन प्रमुख ग्रंथी असतात. एक वरच्या पापणीच्या बाजूला, तर दुसरी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसऱ्या पापणीच्या तळाशी. अश्रूंमुळे बुबुळ ओले राहते, त्यावरील धूळ धुऊन निघते आणि त्याला पोषणही मिळते. काम झालेले अश्रू आतल्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुवाहिनीत शिरतात व तेथून नाकात उतरतात. ही वाहिनी अरुंद असेल, छिद्र जन्मतःच बंद असेल किंवा अश्रू नेहमीपेक्षा अधिक येत असतील, तर ते पापणीवरून बाहेर सांडतात आणि चेहऱ्यावरचे केस सतत ओले राहतात.

या अश्रूंत पॉर्फिरिन नावाचे, लोहाचा अंश असलेले रंगद्रव्य असते. शरीरातील जुन्या तांबड्या रक्तपेशींचे विघटन होताना ते तयार होते आणि अश्रू व लाळ यांतून बाहेर पडते. केसांवर साचलेल्या या द्रव्याला प्रकाश लागला की त्याचा रंग तांबूस-तपकिरी होतो. सतत पंजा चाटणाऱ्या पांढऱ्या श्वानाचे पंजेही त्याच रंगाचे दिसतात, ते यामुळेच. काळ्या वा तपकिरी श्वानांच्या अश्रूंतही हे द्रव्य असते. मात्र केसांच्या गडद रंगात डाग लपून जातो. केस सतत ओले राहिले की तेथे यीस्ट व जिवाणू वाढतात, कुबट वास येऊ लागतो आणि खालची त्वचा लाल होऊन खाजते. मग श्वान पंजाने किंवा गालिच्यावर घासून चेहरा खाजवतो आणि त्यातून डोळ्यालाच इजा होते. हे चक्र सुरू होऊ न देणे, हाच दोन आंघोळींमधल्या निगेचा हेतू.

एकदा रंगलेला केस पुन्हा पांढरा होत नाही. तो वाढून कापला जाईपर्यंत डाग राहतो. त्यामुळे आठवडाभर साफसफाई करूनही डाग गेला नाही म्हणून निराश होऊ नये. नव्याने उगवणारे केस स्वच्छ राहतात का, हे पाहावे.

कोणत्या श्वानांना अधिक त्रास?

१९९४ च्या 'हम आपके है कौन' या चित्रपटातील पांढऱ्या केसाळ 'टफी'ने आणि २००३ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या 'हच'च्या जाहिरातीतील 'पग'ने लहान श्वानांची आवड मध्यमवर्गीय घरांत रुजवली. मात्र या दोन प्रकारच्या श्वानांच्या डोळ्यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

आपल्याकडे 'पामेरियन' म्हणून ओळखले जाणारे पुष्कळसे श्वान प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. त्यांचे, तसेच माल्टीज आणि पूडल यांचे नाक तुलनेने लांब व डोळे बेताचे असतात. त्यांच्यात मुख्य तक्रार असते ती सांडणाऱ्या अश्रूंची व डागांची. पग, शित्झू, पेकिनीज यांची गोष्ट निराळी. त्यांचे नाक चपटे, डोळ्यांच्या खोबणी उथळ आणि डोळे मोठे व पुढे आलेले असतात. पापण्या पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे बुबुळाचा मधला भाग कोरडा पडतो. नाकावरच्या घड्यांचे केस किंवा आत वळलेली पापणी बुबुळावर घासत राहते. श्वानाच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते. ते किती लवकर खरचटत असेल, याची कल्पना यावरून यावी.

पिल्लांमध्ये दात बदलण्याच्या वयात, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, डोळ्यांना काही काळ अधिक पाणी येऊ शकते. दात येऊन झाल्यावर ते बहुधा कमी होते.

या तीन शहरांची हवा

डोळ्यांना पाणी येण्यामागे बाहेरची हवा हेही एक कारण असते आणि या पट्ट्यात ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. अंबरनाथ व बदलापूर येथे रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहती आहेत आणि वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरमधून वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीच्या पात्रात रासायनिक टाकाऊ द्रव्य सोडल्याने निर्माण झालेल्या वायूमुळे उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना त्रास झाला. ३ जून २०२१ रोजी रात्री बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात वायुगळती झाली, तेव्हा परिसरातील लोकांचे डोळे चुरचुरू लागले व श्वास घेणे कठीण झाले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी अंबरनाथमध्ये रासायनिक धुराचा थर शहरावर पसरला, तेव्हाही डोळे व घशाच्या जळजळीच्या तक्रारी होत्या. माणसाचे डोळे जेथे चुरचुरतात, तेथे ज्याच्या पापण्या नीट मिटत नाहीत अशा पगचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा रात्री खिडक्या बंद ठेवाव्यात, श्वानाला फिरवायला नेऊ नये आणि हवा निवळल्यावर डोळे सलाइनने धुवावेत. एरवीही बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर आणि पावसाळ्यातील चिखलाचे शिंतोडे यांचा त्रास लहान श्वानाला अधिक होतो. त्याचे तोंड जमिनीपासून जेमतेम वीत-दोन वीत उंचीवर असते. घरात धूप, अगरबत्ती व डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर, तसेच पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा थेट चेहऱ्यावर येणारा झोत टाळावा. दिवाळीतील फटाक्यांचा धूर व होळीचे कोरडे रंग यांपासून श्वानाला दूर ठेवणे तितकेच आवश्यक.

पिण्याच्या पाण्यातील क्षारांमुळे डाग पडतात, असा एक समज आहे. त्यापोटी काही जण श्वानाला बाटलीबंद पाणी पाजतात. या समजाला ठोस शास्त्रीय आधार नाही. घरातील माणसे जे गाळलेले वा उकळलेले पाणी पितात, तेच श्वानाला द्यावे. पाण्याचे भांडे मात्र रोज घासावे. हनुवटीचे व ओठांकडचे केस ओले राहिल्यानेही डाग वाढतात.

साहित्य काय हवे?

या निगेसाठी महागडी प्रसाधने लागत नाहीत. पुढील वस्तू एका डब्यात एकत्र ठेवाव्यात :

- औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के नॉर्मल सलाइन, किंवा उकळून कोमट केलेले पाणी
- गॉजचे तुकडे किंवा जुन्या मऊ सुती कापडाचे स्वच्छ चौकोन
- बारीक दातांची, बोथट टोकांची फणी
- गोल टोकाची छोटी कात्री
- कोरडा मऊ रुमाल

सुटा कापूस शक्यतो टाळावा. त्याचे तंतू पापणीत अडकतात. सलाइनची बाटली एकदा फोडली की ती निर्जंतुक राहत नाही, म्हणून लहानात लहान बाटली घ्यावी आणि उरलेले द्रव दुसऱ्या दिवशी डोळ्यांसाठी वापरू नये. रोजच्या पुसण्यासाठी उकळून निवविलेले पाणी पुरेसे होते. घरी मीठ अंदाजाने मिसळून सलाइन करू नये. प्रमाण चुकल्यास डोळा झोंबतो.

स्वच्छतेची पद्धत

पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे जाणाऱ्या आणि रात्री उशिरा परतणाऱ्या कुटुंबांत हे काम राहून जाते. त्यामुळे वेळ ठरवून घ्यावी. सकाळच्या धावपळीपेक्षा रात्रीच्या फेरीनंतर, श्वान थकून शांत झालेला असताना हे काम सोपे जाते. पांढऱ्या व चपट्या नाकाच्या श्वानांचे डोळे रोज, इतरांचे एक दिवसाआड पुसावेत.

१. हात साबणाने धुवावेत. श्वानाला उजेडात मांडीवर किंवा न घसरणाऱ्या चटईवर बसवावे. समोरून अंगावर येण्याऐवजी बाजूने किंवा मागून हनुवटीखाली हात धरावा. पगसारख्या श्वानाची मानेची कातडी मागे खेचून धरू नये. डोळे आधीच उथळ खोबणीत असल्याने ते बाहेर येण्याचा धोका असतो.

२. पुसण्यापूर्वी दोन्ही डोळे नीट पाहावेत. ते सारखेच उघडे आहेत का, पांढरा भाग लाल झाला आहे का, बुबुळ काचेसारखे स्वच्छ आहे का, चिपडांचा रंग कोणता, हे तपासावे.

३. कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, सुकलेल्या चिपडांवर अर्धा ते एक मिनिट नुसते टेकवून ठेवावे. चिपडे मऊ झाली की आपोआप सुटतात. नखाने खरवडून काढल्यास केसांसह त्वचा सोलली जाते.

४. आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली, म्हणजे डोळ्यापासून दूर, असे हलक्या हाताने पुसावे. बुबुळाला कापड लागू देऊ नये. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा. एका डोळ्यात जंतुसंसर्ग असेल तर तो दुसऱ्यात जाऊ नये, यासाठी ही दक्षता.

५. उरलेले कण फणीने विंचरून काढावेत. फणी डोळ्याकडे नव्हे, तर डोळ्यापासून बाहेर फिरवावी.

६. शेवटी कोरड्या रुमालाने केस टिपून घ्यावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओला चेहरा तसाच राहिला तर केलेल्या कामाचा उपयोग होत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत तर मुळीच नाही.

काम झाल्यावर खाऊचा एखादा तुकडा द्यावा. पिल्लू घरी आल्यापासूनच चेहऱ्याला हात लावून घेण्याची सवय लावली, तर पुढे औषध घालतानाही झटापट होत नाही.

केस आणि घड्या

शित्झू व ल्हासा अप्सो यांच्या कपाळावरचे केस डोळ्यांत येतात. ते मऊ रबराने सैल बांधावेत किंवा आखूड ठेवावेत. फार आवळून बांधल्यास त्वचा ताणली जाते. आतल्या कोपऱ्यातील केस तीन-चार आठवड्यांनी कापावेत. कात्री त्वचेला समांतर धरावी, तिचे टोक डोळ्याकडे नसावे आणि कात्री धरलेला हात श्वानाच्या चेहऱ्यावर टेकलेला असावा, म्हणजे त्याने मान हलवली तरी हात त्याच्यासोबत हलतो. या वेळी दुसऱ्या व्यक्तीने श्वानाला धरणे आवश्यक. श्वान चुळबुळ करत असेल तर हट्ट न धरता हे काम पशुवैद्यकाकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे सोपवावे. केस उपटून काढू नयेत.

पगच्या नाकावरची घडी हे वेगळे प्रकरण आहे. घडी दोन बोटांनी अलगद उघडून आतला ओलावा व मळ पुसावा आणि ती पूर्ण कोरडी करावी. पावडर भरू नये. ती ओलाव्यात गोळा होते व डोळ्यातही जाते. घडीतून दुर्गंधी येणे किंवा लाल चट्टे दिसणे हे संसर्गाचे लक्षण आहे.

आंघोळीच्या दिवशी चेहऱ्यावर थेट पाणी ओतू नये. शाम्पू मानेपर्यंतच लावावा व तोंड ओल्या कापडाने पुसावे. शाम्पू डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. त्यानंतरही श्वान डोळा मिचकावत राहिला, तर तपासणी करून घ्यावी.

हे डोळ्यांपासून दूर ठेवा

बोरिक पावडर अनेक घरांत असते आणि पूर्वी माणसांचे डोळे तिच्या पाण्याने धुतले जात. श्वान मात्र तोंडावरून ओघळलेले द्रव चाटतो आणि बोरिक आम्ल पोटात गेल्यास विषारी ठरते. डाग घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, तुरटीचे पाणी, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावणे म्हणजे पारपटलाला इजेचे निमंत्रण. जखमा धुण्याची जंतुनाशके डोळ्याजवळ नेऊ नयेत. दूध, मध, गुलाबपाणी, काजळ यांचाही काही उपयोग नाही.

सर्वांत मोठा धोका आहे तो घरातील उरलेल्या डोळ्यांच्या थेंबांचा. माणसांसाठी लिहून दिलेल्या अनेक थेंबांमध्ये प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असते. साध्या लालीवर त्याने आराम पडल्यासारखा वाटतो. मात्र बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरून येत नाही, उलट खोल जाते व बुबुळाला छिद्रही पडू शकते. जखम आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी घरी ओळखता येत नाही. त्यामुळे औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत.

डाग घालवणाऱ्या पोटात देण्याच्या पावडरींबाबतही सावध असावे. अशा काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक असल्याचे आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१४ मध्ये उत्पादकांना इशारापत्रे पाठवली होती. केवळ केस पांढरे दिसावेत म्हणून श्वानाला महिनोन् महिने प्रतिजैविक देणे योग्य नाही.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात थोडी पारदर्शक वा फिकट तपकिरी चिपडे असणे स्वाभाविक आहे. पुढीलपैकी काही दिसल्यास मात्र त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा :

- डोळा अर्धवट मिटलेला असणे, सतत मिचकावणे, उजेड सहन न होणे
- पिवळी वा हिरवट, घट्ट चिपडे
- अचानक फक्त एकाच डोळ्यातून पाणी येऊ लागणे
- बुबुळ निळसर वा धुरकट दिसणे, 'फूल पडल्या'सारखा पांढरा ठिपका येणे
- पंजाने डोळा सतत खाजवणे
- आतल्या कोपऱ्यात लाल मांसल गोळी दिसणे

शेवटच्या लक्षणाला 'चेरी आय' म्हणतात. तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी जागेवरून सरकून बाहेर येते. ती कापून टाकल्यास पुढे डोळा कोरडा पडण्याची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रियेने ती पुन्हा जागी बसवणे हा योग्य उपचार होय.

डोळ्यांच्या स्रावासोबत ताप, खोकला, नाक वाहणे, जेवण सोडणे ही लक्षणे असतील आणि पिल्लाचे लसीकरण झाले नसेल, तर डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची शंका घ्यावी लागते. गोचीड चावल्याने होणाऱ्या तापातही डोळे लाल होतात किंवा डोळ्यात रक्तस्राव होतो.

दोन प्रसंगांत घरीच पहिली मदत करावी लागते. डोळ्यात रसायन, चुना किंवा फिनेल गेल्यास पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने वा सलाइनने डोळा धुऊन मग दवाखाना गाठावा. झटापटीत किंवा मोठ्या कुत्र्याने चावल्याने डोळा खोबणीबाहेर आला, तर तो आत ढकलू नये. सलाइनने भिजवलेले गॉज त्यावर ठेवून, श्वानाला पंजा लावू न देता, तत्काळ निघावे.

तपासणीत काय होते?

या तपासण्या साध्या व वेदनारहित असतात. शिर्मर चाचणीत खुणा केलेल्या कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर वा अधिक भिजली तर अश्रू पुरेसे आहेत. १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा असल्याचा संशय येतो. हा विकार फसवा असतो. अश्रू कमी झाल्यावर चिकट स्राव वाढतो आणि मालक 'डोळा घाण होतो' म्हणून नुसते पुसत राहतो. त्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखे औषध बहुधा आयुष्यभर द्यावे लागते. फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब घातल्यावर जखमेची जागा हिरवी दिसते. तोच रंग काही मिनिटांत नाकपुडीत उतरला, तर अश्रुवाहिनी मोकळी असल्याचे समजते. वाहिनी बंद असेल तर भूल देऊन ती धुऊन मोकळी करता येते.

उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक आहे याची खात्री करावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पदवी व नोंदणी आवश्यक आहे. श्वान विकणारे किंवा ग्रूमिंग करणारे औषध सुचवू लागल्यास ते घेऊ नये. गुंतागुंतीच्या विकारासाठी मध्य रेल्वेच्या परळ स्थानकाजवळील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाचा पर्याय आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापनाही १८८६ मध्ये परळ येथेच झाली. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून वेळ विचारून घ्यावी आणि डोळ्याचे दोन-तीन दिवसांतील छायाचित्र भ्रमणध्वनीत असल्यास सोबत दाखवावे. स्राव किती वाढला, रंग कधी बदलला, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळते. तपासणीच्या दिवशी निघण्यापूर्वी चिपडे पुसू नयेत. तीही निदानाला मदत करतात.